पोकेमॉन पत्ते: पुढे दोन बसवले तर हल्ले किती?

चिंचोके:
गणपतीला भाचरं आली होती. कपाटातून माझे जुने बेस सेटचे, म्हणजे पहिल्या संचाचे, पत्ते काढले (मामाने १९९९ साली न्यू जर्सीहून आणलेले, कडा पार उसवल्यात). भाचीला पिकाचूही पुढे हवा आणि हिटमॉनचॅनही. सांगितलं, लढायला पुढे एकच, मागे बेंचवर पाच. तर म्हणे, "व्हिडिओ गेममध्ये दोघं उतरतात की!" खरंच आहे, तिथे २००२च्या रुबी-सफायरपासून डबल बॅटल आहे.

मग घरगुती नियम केले. पुढे दोन, बेंचवर चार, म्हणजे मैदानात एकूण सहा, मूळ खेळाइतकेच. डाव सुरू करायला हातात दोन बेसिक (थेट उतरवता येणारे, उत्क्रांत न झालेले पोकेमॉन) हवेतच. एका पाळीत एनर्जी (हल्ल्यासाठी पोकेमॉनला जोडायचा पत्ता) एकच आणि हल्लाही एकच. दोघांपैकी कुणीही करावा, समोरच्या कुणावरही. प्राईज कार्डं (बाजूला पालथी ठेवायची; समोरचा पोकेमॉन पाडला की एक उचलायचं, सगळी उचलली की जिंकलं) सहा.

एकच हल्ला का, ते सांगतो. पहिल्या दिवशी दोन एनर्जी, दोन हल्ले असं खेळलो होतो. भाच्याने चारमँडर ठेवला, ५० एचपीचा, म्हणजे ५० नुकसान झालं की बाद. भाचीने दोन हिटमॉनचॅन उतरवले, दोघांना एकेक फायटिंग एनर्जी. जॅब या हल्ल्याचे २०, दुसऱ्या जॅबचे २०, वर प्लसपॉवर या मदतीच्या पत्त्याचे १०. चारमँडर आडवा. चारमँडर उत्क्रांत होत शेवटी होतो तो चारिझार्ड पोराच्या हातात होता, तो हातातच राहिला. पत्ते सतरंजीवर टाकून गॅलरीत जाऊन बसला, मोदकालासुद्धा आत येईना. माझं मत पक्कं आहे: दोन हल्ले दिले की उत्क्रांती संपली.

साठपानी:
साफ असहमत. हल्ला एकच, तर दुसरा पुढे बसून काय तबला वाजवतो?

तुमच्या भाच्याला दोन हल्ल्यांनी नाही, हेमेकर नावाच्या गाजलेल्या जुळणीने मारलं. हिटमॉनचॅन, इलेक्टाबझ, सायथर हे त्रिकूट एकास एक खेळातही उत्क्रांतीवाल्यांना असंच झोडायचं. आता चारिझार्डचा हिशेब करा. पहिल्या पाळीला चारमँडर, दुसरीला चारमिलियन, तिसरीला चारिझार्ड. त्याच्या फायर स्पिन हल्ल्याला एनर्जी चार, म्हणजे चौथी पाळी. तुमच्या नियमाने पाळीची एकुलती एक एनर्जी त्यालाच घातली, तर शेजारचा भिडू चार पाळ्या उपाशी! उलट पुढच्या प्रत्येकाला एकेक एनर्जी द्या. चारिझार्ड तरीही चौथ्या पाळीलाच तयार होतो, पण तोवर शेजारी कुणीतरी लढत असतं. उत्क्रांती तुमच्याच नियमाने मरते.

चिंचोके:
भिडू उपाशी हा मुद्दा लागला. पण एनर्जी कुणाला द्यायची हा पेच हीच तर या खेळातली गोडी आहे. दोघांना द्या म्हटलं की पेचच उरला नाही, नुसती पंगत वाढायची.

बदाम_सत्ती:
मंडळी, हे घोडं आधीच गंगेत न्हालंय. २००३च्या ईएक्स पत्त्यांच्या मालिकेत दोनास दोन लढतीची सोय होती. त्या काळातला वार्प पॉइंट हा पत्ता काढून वाचा: तुमच्या 'ॲक्टिव्ह पोकेमॉनपैकी एक' बेंचवरच्याशी बदला, असं आहे. 'पैकी एक' हे दोन शब्द उगाच नाहीत छापलेले.

चिंचोक्यांचे पत्ते त्याच्या आधीचे, म्हणून खरी अडचण गस्ट ऑफ विंडची, म्हणजे समोरच्याच्या बेंचवरचा पुढच्याशी बदलणाऱ्या पत्त्याची. बेंचवरून कोण पुढे यायचं ते पत्ता टाकणारा ठरवणार, हे ठीक. पण दोघांपैकी मागे कोण जाणार? तेही त्यानेच ठरवलं, तर एका पत्त्यात भरलेला चारिझार्ड मागे आणि कच्चं पिल्लू पुढे. आमच्याकडे कोण येतो ते टाकणारा सांगतो, कोण जातो ते मालक सांगतो. मेंढीकोटात बंद हुकूम की कट हुकूम यावरून आमच्याकडे दर दिवाळीला भांडण होतं, त्यापेक्षा हे आधीच ठरवलेलं बरं.

आकडेमोडे:
हल्ल्यांचं तुम्ही बघा. मला खटकला तो 'दोन बेसिक हवेतच' हा नियम. ६० पत्त्यांत १२ बेसिक असतील, तर सात पानांच्या हातात एकही बेसिक न येण्याची शक्यता साधारण १९ टक्के. नेमकं एकच येण्याची ३८. म्हणजे मूळ नियमात पाचातला जेमतेम एक हात परत पिसून नवा घ्यावा लागतो, तुमच्यात निम्म्याहून जास्त, ५७ टक्के. आणि दर वेळी समोरच्याला जादा पान.

चिंचोके:
अरे देवा. म्हणूनच भाचीच्या हातात एकदा दहा पानं झाली होती! मला वाटलं, मी नीट पिसत नाही. दुरुस्ती करतो: एका बेसिकवर डाव सुरू, दुसरी जागा मिळेल तेव्हा भरायची.

राधाची_आई:
प्राईज सहाच ठेवणाऱ्यांनी कधी दोन हल्ल्यांनी खेळून पाहिलंय का? आमच्याकडे डाव वीस मिनिटांत आटोपतो आणि कार्टी परत स्वयंपाकघरात हजर. आठ करा. सात पानं हातात, आठ बाजूला, ४५ उरतात, भरपूर झाली. माझी कुकरची शिट्टी तरी होते.

साठपानी:
आठाला +१. रच्याकने, व्हिडिओ गेमसारखं दोघांना एकदम लागणाऱ्या हल्ल्याचं नुकसान ७५ टक्के करा, असं कुणीतरी सुचवणारच. ३०चे साडेबावीस होतात, आपले काउंटर दहाचे. नको.

चिंचोके:
काल भाच्याशी व्हिडिओ कॉलवर तुमच्या नियमाने खेळलो. दोन एनर्जी, दोन हल्ले, आठ प्राईज, समोरासमोर फोन उभे करून. चारिझार्ड चौथ्या पाळीला उभा राहिला, १०० मारले, दोन एनर्जी टाकून दिल्या, आणि पोरगं पलीकडून एवढं ओरडलं की बहिणीने फोन काढून घेतला. एनर्जी आणि प्राईज मान्य. दोन हल्ल्यांचं अजून पटत नाही, कारण हरलो मी.

पण नवीनच भांडण लागलंय. मॅग्नेमाइटचा सेल्फडिस्ट्रक्ट समोरच्याला ४० देतो, स्वतःला ४०, आणि दोन्हीकडच्या बेंचवर प्रत्येकी १०. शेजारचा भिडू ना समोरचा, ना बेंचवरचा. त्याला किती?

बदाम_सत्ती:
पत्त्यावर लिहिलेलं नाही, म्हणजे शून्य.

साठपानी:
व्हिडिओ गेममध्ये शेजारच्यालाही लागतो. निदान १० तरी.

चिंचोके:
भाचीला विचारलं. "शेजारी बसलाय ना? मग ४०." तिच्याकडे मॅग्नेमाइट नाही, हे जाता जाता सांगतो.