युपिक, युपीक की युप्पिक?

प्रश्न : मामेबहीण अलास्कात, बेथेलच्याही पुढच्या एका गावात, शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू होतेय. बेथेललाच बाहेरून रस्ता नाही. पुढे छोटं विमान, नाहीतर कुस्कोक्विम नदीतून होडी. ऑगस्टात शाळा भरायच्या आत तिथल्या लोकांविषयी वाचून ती आम्हाला लिहून पाठवते. त्यात कधी 'युपिक', कधी 'युपीक', एकदा तर 'एस्किमो'. नक्की काय लिहावं? आणि अर्थ काय?

उत्तर : 'युप्पिक' लिहावं. रोमन लिपीत त्या 'पी'नंतर वर एक चिन्ह असतं, ते अनेकांना शोभेचं वाटतं. ती खूण आहे व्यंजन दुप्पट करण्याची. आपल्याकडे जोडाक्षर असताना ती वेगळी दाखवायची गरजच नाही. (चिन्हाशिवाय लिहिलेलं 'युपिक' हे सैबेरियापर्यंत पसरलेल्या सगळ्या भाषाकुळाचं नाव. बहिणीचं गाव नैऋत्य अलास्कातल्या युप्पिकांचं.)

'युक' म्हणजे माणूस, '-पिक' म्हणजे अस्सल. युप्पिक म्हणजे अस्सल माणूस. एक युप्पिक, दोघं युप्पीक, दोनाहून जास्त युप्पीत. म्हणजे 'युपीक'मधला दीर्घ 'ई' चूक नव्हे, पण तो दोघांपुरता. संस्कृतातलं द्विवचन आपण केव्हाच सोडलं, त्यांनी ठेवलंय.

'एस्किमो' हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. तिथली काही वयस्क मंडळी आजही स्वतःला तसं म्हणवतात, पण नव्या बाईंनी ते वापरू नये. आणि आपल्या डोक्यातलं बर्फाचं इग्लू तर इथं मुळीच नको. यांची जुनी घरं मातीत अर्धी खणलेली, वरून गवताच्या ढेपांनी शाकारलेली.

दुसरं उत्तर : बाईंना 'कस्साक' म्हणतील, बरं का. म्हणजे गोरा माणूस, आणि सैलपणे कुणीही बाहेरचा. मूळ रशियन 'कझाक', म्हणजे कोसॅक. 1867 पर्यंत अलास्का रशियाकडे होतं. आपल्या बखरींतले 'टोपीकर' आठवा. शिवी नाही ती, पण सूर पाहून ठरवावं. चहाही रशियनांकडूनच गेला : 'चायुक'. आपल्या 'चहा'चा सख्खा भाऊ!

प्रश्नकर्ती : तिच्या शेवटच्या निरोपात होतं, 'इथली मुलं उत्तर देत नाहीत, नुसत्या भुवया उंचावतात, असं आधीच्या बाई सांगत होत्या.' आजी म्हणाली, उर्मट दिसतात.

पहिलं उत्तर देणारा : आजींना सांगा, मुलांनी उत्तर दिलंय! तिथं भुवया वर गेल्या की 'हो', नाक मुरडलं की 'नाही'. आपल्याकडे 'भुवया उंचावणे' म्हणजे आश्चर्य नाहीतर नापसंती, आणि नाक मुरडणं तर सरळ हेटाळणी. 'पुस्तक आणलंस का?' असं विचारून बाई 'हो' ऐकायची वाट बघत उभ्या, आणि मुलानं ते केव्हाच सांगून टाकलेलं. बिचारं पुन्हा भुवया उडवतं. मला विचाराल तर शब्दसंग्रहाच्या वहीत पहिली नोंद हीच हवी.

बाकी कामाचे शब्द : शिक्षिका 'एलित्नाउरिस्ता', शाळा 'एलित्नाउरविक'. यातला 'र' आपला नव्हे, तो पडजिभेपाशी घासून येतो, उर्दूतल्या 'ग़'च्या जवळचा. आभार 'कुयाना'. त्यातला 'क'ही तसाच आतला, 'क़लम'मधल्यासारखा.

तिसरं उत्तर : गणित शिकवणार असतील तर एक गंमत. वीसला ते 'युइनाक' म्हणतात, आणि त्यात तोच 'युक' बसलाय. हातापायांची बोटं मिळून एक अख्खा माणूस. चाळीस म्हणजे 'युइनाक मालरुक', दोन विसा. माझी आजी आंबे मोजताना 'दोन विसा नि पाच' म्हणायची. तिला पंचेचाळीस कधी जमलंच नाही, हिशोब मात्र चुकला नाही.

प्रश्नकर्ती : सगळ्यांना कुयाना. आजीला वाचून दाखवलं. 'कळलं का?' विचारलं, तर तिनं भुवया वर केल्या.