असेन्शन: कव्हर पाहून फसू नका

असं म्हणतात की अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘असेन्शन’ या जॅझ रेकॉर्डची पहिली प्रत कव्हर आणि लेबलवरून ओळखता येते. प्रेसिंग, म्हणजे तबकडीची छपाई, किती जुनं आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येईल, पण आत कोणतं वादन आहे ते कळणार नाही, आणि या रेकॉर्डच्या बाबतीत तोच खरा प्रश्न आहे. 28 जून 1965 रोजी अकरा वादकांनी हा तुकडा दोनदा वाजवला. 1966 मध्ये इम्पल्स या रेकॉर्ड कंपनीने त्यातला एक टेक (एका वेळचं ध्वनिमुद्रण) बाजारात आणला, आणि काही महिन्यांनी कुठलीही घोषणा न करता त्याच कव्हरमध्ये दुसरा टेक घातला, कारण कोल्ट्रेनला तोच हवा होता. या दुसऱ्या आवृत्तीची खूण एकच: पहिल्या बाजूला, संगीत संपल्यावर लेबलपर्यंत जो कोरा पट्टा उरतो, तिथे ‘एडिशन’ आणि पुढे रोमन दोन कोरलेलं असतं. तबकडी दिव्याखाली तिरकी धरली तरच दिसतं.

मी माझी प्रत पहिली समजून घेतली होती. घरी ऐकताना ड्रमवादक एल्विन जोन्सच्या ड्रम सोलोची (एकट्याच्या वादनाची) वाट पाहत राहिलो, तो आलाच नाही. तो फक्त आधी बाजारात आलेल्या टेकमध्ये आहे. आर्ची शेप आणि जॉन चिकाई या सॅक्सोफोनवादकांच्या सोलोंचा क्रमही उलटा. विक्रेत्यालाही हे माहीत नव्हतं. तरी मला ही दुसरी आवृत्तीच जास्त आवडते, आणि कोल्ट्रेननेही हीच निवडली होती. आधी आलेल्या टेकसाठी जास्त पैसे मोजण्याआधी दोन्ही ऐका, सीडीवर एकत्र मिळतात.