नाव ठाऊक असणे म्हणजे माहिती असणे नव्हे

इंटरनेटमुळे आजच्या तरुणांना गर्भनिरोधनाविषयी सगळे ठाऊक असते, हे मत मला पटत नाही. त्यांना तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचे नाव माहीत असते, तिचे कार्य नसते. लेव्होनॉरजेस्ट्रेल या संप्रेरकाची ही १.५ मिलिग्रॅमची गोळी मुख्यतः बीजमोचन, म्हणजे अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे, लांबवते. म्हणूनच ती संबंधानंतर शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावी लागते, आणि बीजमोचन आधीच होऊन गेले असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. ती गर्भपाताची गोळी नव्हे, ती घेतल्यानंतरच्या संबंधांना ती संरक्षण देत नाही आणि एचआयव्ही किंवा इतर लैंगिक संसर्ग तर ती मुळीच रोखत नाही. तो धोका कमी करायचा तर निरोधच वापरावा लागतो, आणि ही जबाबदारी मुलग्यांचीही आहे, हे त्यांना कोणी स्पष्टपणे सांगत नाही याचे मला फार वाईट वाटते. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांमधील लैंगिक शिक्षणावर बंदी आली. अविवाहित मुलीने डॉक्टरांना प्रश्न विचारताच ‘लग्न झालंय का?’ असा उलट प्रश्न आला, तर ती पुन्हा त्यांच्याकडे जाईल कशी?