तालमीतल्या पोरांना सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून जीव वाचवायचा उपाय) शिकवायचाय, एकमेकांवर सराव केला तर चालतो का?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक काका पहाटे फिरून आले आणि कट्ट्यावर बसल्या बसल्या कोसळले. आम्ही पाच-सहा जण होतो, कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, मी तळपाय चोळत होतो. मधनंच ते तोंड उघडून आचका द्यायचे, म्हणून आम्हाला वाटलं श्वास चालू आहे. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत छातीला कुणीच हात लावला नाही. काका गेले. ते काय डोक्यातनं जात नाही. आता तालमीतली पंचवीसेक पोरं शिकायला तयार आहेत, तर एकमेकांची छाती दाबून सराव करू का? आणि बरगडी मोडली तर?

सिस्टर_मिरज
दादा, तो आचका म्हणजे श्वास नव्हे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं तसं होतं आणि भली भली माणसं तिथंच फसतात, तुमचा दोष नाही. पोरांना आधी हेच शिकवा. खांदे हलवून हाक मारायची, ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही म्हटल्यावर १० सेकंदांच्या वर बघत बसायचं नाही, एकानं १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा, दुसऱ्यानं छाती दाबायला घ्यायची.

जित्या माणसावर दाबायचा सराव अजिबात करू नका, चालत्या हृदयाचा ठोका बिघडू शकतो. एकमेकांवर फक्त हाक मारणं, श्वास बघणं आणि हात कुठं ठेवायचा एवढंच. दाबायला सीपीआरच्या सरावाचा पुतळाच पाहिजे, जवळच्या नर्सिंग कॉलेजात विचारा. पेशंट कडक जमिनीवर, गादीवर नाही. तळहाताची टाच (मनगटाजवळचा भाग) छातीच्या मधोमध, कोपरं ताठ, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि दर दाबाला छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पैलवान पोरं जोर लावतात पण छातीवरचा भार सोडत नाहीत, मग हृदयात रक्त भरणार कसं. दर २ मिनिटांनी माणूस बदला. बरगडी मोडते कधीकधी, कटकन आवाज येतो, पण थांबायचं नाही, बरगडी नंतर जुळते.

पलूसचा_शेतकरी
शॉक लागलेला असला तर आधी पेटीतला मेन स्विच पाडा, मगच हात लावा. आमच्या शिवारात मोटारीवर एकाला सोडवायला गेलेला दुसरा पण चिकटला होता, रात्रीची पाळी, पायाखाली सगळी ओल.

माहुलीकर_सातारा
नदीत बुडालेल्याचं पण सांगा ना ताई, आमच्या संगमावर अजून पोट दाबून पाणी काढत बसतात.

सिस्टर_मिरज
पोट दाबू नका, त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनळीत जाते. बुडालेल्याला हवा कमी पडलेली असते, म्हणून शिकलेल्या माणसानं आधी तोंडानं श्वास द्यायचे, मग ३० दाब, २ श्वास असं चालू ठेवायचं. श्वास द्यायला येत नसेल तर नुसती छाती दाबा, पण हात बांधून उभं राहू नका.

द्राक्षबाग_तासगाव
ताई लई उपकार झाले. सोमवारीच कॉलेजात जाऊन पुतळ्याचं विचारतो, पोरांबरोबर गल्लीतल्या बायकांनाही बोलावतो, दुपारी घरात त्याच असतात.