प्रवास आणि शेतीची हलकी कामे: लहान पिकअप कोणती घ्यावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी चौघे जण आहेत आणि एकाच गाडीत दोन्ही कामे भागावीत अशी इच्छा आहे: अधूनमधून लांबचा प्रवास, आणि एरवी शेतावर खताच्या गोण्या, चाऱ्याचे भारे, फळांचे क्रेट, कधी पाण्याची टाकी यांची ने-आण. शेतापर्यंतचा शेवटचा तुकडा कच्चा असून पावसात तिथे चिखल होतो. डबल केबिन (मागेही सीट असलेली) घ्यावी की सिंगल, फोर बाय फोरची (इंजिनाची ताकद चारही चाकांना देणाऱ्या यंत्रणेची) खरोखर गरज आहे का, आणि मागे बसणाऱ्यांचे प्रवासात हाल होतात का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद 1

मॉडेल ठरवण्याआधी भाराचा हिशेब मांडावा, कारण बहुतेकांची निवड तिथेच चुकते. गाडीच्या कमाल मान्य वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की वहनक्षमता मिळते, आणि त्या आकड्यात हौद्यातल्या मालाबरोबरच केबिनमधली माणसे, त्यांचे सामान आणि नंतर बसवलेले झाकण किंवा कॅरिअरही मोजावे लागते. क्षमता 700 किलो असेल आणि सरासरी 70 किलोची चार माणसे बसली, तर मालासाठी 420 किलो उरतात, म्हणजे 50 किलोच्या जेमतेम आठ गोण्या. पाण्याच्या बाबतीत तर डोळ्यांचा अंदाज हमखास फसतो: 1000 लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन, टाकीचे वजन वेगळे, आणि टाकी अर्धवट भरलेली असेल तर वळणावर व ब्रेक लावताना पाणी हिंदकळून गाडीला ओढते.

चौघांसाठी डबल केबिनला पर्याय नाही, पण तिची किंमत हौद्याच्या लांबीत मोजावी लागते. मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये सिंगल केबिनचा हौदा साधारण 2.3 मीटर, तर डबल केबिनचा 1.5 मीटरच्या आसपास असतो. शिवाय डबल केबिनच्या हौद्याचा बराच भाग मागच्या एक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या) पलीकडे जातो. जड माल फाळक्याजवळ टाकला की गाडीचे नाक उचलले जाते, स्टिअरिंग हलके पडते आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. म्हणून गोण्या केबिनला टेकवूनच रचाव्यात, चारा मागे ठेवावा.

प्रतिसाद 2

मागच्या सीटबद्दल लिहितो. बहुतेक पिकअपना मागे स्प्रिंगचे पाटे असतात आणि ते पूर्ण भाराच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे रिकामी गाडी खराब रस्त्यावर मागून उडते. थोडा भार टाकला की तीच गाडी बरीच शांत होते. निसान नवाराच्या काही प्रकारांत मागे कॉइल स्प्रिंग (गुंडाळीच्या, तुलनेने मऊ चालणाऱ्या) आहेत, तर फोर्ड मॅव्हरिकसारखी गाडी वेगळ्या चॅसीऐवजी (मालगाडीच्या जड चौकटीऐवजी) मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली आहे आणि तरीही तिची क्षमता सुमारे 680 किलो आहे. प्रवास जास्त आणि भार बेताचा असेल, तर अशा गाडीला कमी लेखू नये.

पाहायला जाताना घरच्यांना सोबत न्यावे आणि त्यांना मागेच बसवावे. डबल केबिनमध्ये मागची पाठ अनेकदा जवळजवळ उभी असते आणि बैठक खाली असल्यामुळे गुडघे वर येतात. हा त्रास पाच मिनिटांच्या फेरीत कळत नाही, तासाभराने कळतो.

प्रतिसाद 3

फोर बाय फोरबाबत माझे मत असे की आधी टायर पाहावेत. झिजून गुळगुळीत झालेल्या साध्या टायरवर चारही चाके फिरली तरी चिखलात ती फिरतच राहतात. मागची चाके ओढणारी पिकअप रिकामी असताना लवकर फसते, कारण इंजिनाचे वजन पुढे असते आणि मागे दाब नसतो. मागे डिफरन्शिअल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) लॉक करायची सोय असेल तर असे पुष्कळ प्रसंग निभावतात. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचे उलटे होते: ती भरून चढावर नेली की पुढची पकड सुटते. चढ आणि चिखल एकत्र असतील, तर मात्र लो गिअर (संथ गतीत जास्त जोर देणारा) असलेली फोर बाय फोर निःसंशय घ्यावी. साध्या पार्ट-टाइम प्रकारात (गरजेपुरती फोर बाय फोर लावायच्या) पुढच्या व मागच्या एक्सलच्या दरम्यान डिफरन्शिअल नसते, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळल्यास यंत्रणेवर ताण येतो, हे घरातल्या प्रत्येक चालकाला सांगून ठेवावे.

डिझेल घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. नव्या डिझेल गाड्यांतील काजळीचा फिल्टर साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले राहावे लागते. नुसत्या घर ते शेत अशा छोट्या फेऱ्या झाल्या तर तो तुंबतो. तुमचा लांबचा प्रवास इथे उपयोगी पडेल.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डबल केबिन नक्की झाली. पाण्याची टाकी वर्षातून मोजक्याच वेळा न्यावी लागते. तेवढ्यासाठी मोठी गाडी घेण्यापेक्षा ट्रेलर ओढणे बरे पडेल का?

प्रतिसाद 1

होय, आपल्या गरजेला तेच योग्य आहे. टाकी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न्यावी, तिचा मध्य ट्रेलरच्या एक्सलच्या किंचित पुढे ठेवावा आणि हुकावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार येऊ द्यावा. तो फार कमी झाला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. हुकावरचा हा भारही गाडीच्या वहनक्षमतेतूनच वजा होतो. भरलेल्या टाकीसाठी स्वतःचे ब्रेक असलेलाच ट्रेलर घ्यावा, आणि गाडीची ओढण्याची मर्यादा ब्रेकसह व ब्रेकशिवाय वेगवेगळी दिलेली असते, ती खरेदीपूर्वीच माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी.