स्टॅगसाठी कार्लिंगफर्ड: चौदा जणांना हे गाव पेलतं का?

लिफीकाठी (धागाकर्ता)

लग्न पुण्याला, नवरदेव नोकरीला डब्लिनात, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी मित्रांचा स्टॅग वीकेंड. एकूण 14 जण: सहा आयरिश सहकारी, नवरदेवासकट सहा इथले मराठी आणि दोघं खास पुण्याहून येणारे. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. डब्लिनच्या टेंपल बार या पबांच्या भागात पैसे उधळण्यापेक्षा काउंटी लाऊथमधलं कार्लिंगफर्ड घ्यावं असं माझं ठाम मत आहे. कारणं देतो, जाणकारांनी खोडून काढावीत.

गाव मुठीत मावेल एवढं आहे. राहायचं घर, पब, जेवण, धक्का, सगळं पायी पाच-दहा मिनिटांत. गाडी शुक्रवारी लावली की रविवारपर्यंत हात लावायचा नाही. शहरात एका पबातून दुसऱ्यात जाताना निम्मी टोळी वाटेत सांडते, इथे हरवायला जागाच नाही. साहसी खेळांची सोय गावातच आहे: कयाकिंग, दोरांवरचे खेळ वगैरे. आणि गावाच्या पाठीशी 589 मीटरचा स्लीव्ह फॉय उभा आहे.

आराखडा असा. शुक्रवारी सातपर्यंत सगळे पोहोचतील, जेवण घरीच. शनिवारी दहाला पाण्यात. दोन ते सहा मोकळे, साडेसहाला बाहेर जेवण, मग पब. पाण्याचा खेळ शनिवारी सकाळीच ठेवायचा आणि शुक्रवारी हात आखडता घ्यायचा, कारण प्यायलेल्याला आयोजक पाण्यात उतरवत नाहीत आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. पोहता न येणाऱ्यांची नावं आधीच कळवायची. तरंगजाकीट सगळ्यांना देतात, पण अशा माणसाला दोघांच्या कयाकमध्ये बसवायचं की एकट्याच्या, हे तिथल्या प्रशिक्षकाला आधी ठरवता येतं.

शॅननवारी

मुळात चौदा ही संख्याच कार्लिंगफर्डसाठी चूक आहे. आठ जण असते तर मी गप्प बसलो असतो. त्या गावातले पब जुन्या घरांतले, छत बुटकं, खोल्या लहान. चौदा जण आत शिरले की तो पब तुमचा झाला आणि नेहमीचं गिऱ्हाईक बाहेर. मालकाला ते परवडत नाही, म्हणून दारातच नाही म्हणतो. मग टोळी रस्त्यात उभी राहते आणि आवाज चढतो.

दुसरं, तिथे रेल्वे नाही. डब्लिनच्या कॉनली स्टेशनहून डंडॉकपर्यंत आगगाडी, पुढे 161 नंबरची बस. फेऱ्या मोजक्या, रविवारी तर विचारूच नका. स्वतः मिनीबस चालवू म्हणाल तर साध्या बी वर्गाच्या परवान्यावर चालकाव्यतिरिक्त आठच जण नेता येतात. सोळा आसनी गाडीला डी-वन लागतो, तो तुमच्यात कुणाकडे असेल असं वाटत नाही.

त्यापेक्षा काउंटी लीट्रिममधलं कॅरिक-ऑन-शॅनन. स्लायगोच्या गाडीनं कॉनलीहून सव्वादोन तासांच्या आसपास. स्टेशन नदीपलीकडे रॉसकॉमनच्या बाजूला आहे, तिथून सामान ओढत दहा-पंधरा मिनिटं. हॉटेलं गटांना सरावलेली, नदीत होड्या, आणि चौदापैकी एकालाही गाडी चालवायची नाही. गाव लहानच, पण या धंद्याला रुळलेलं.

सीमेवरचा

तुम्ही दोघंही मुख्य गोष्ट सोडून बोलताय. कार्लिंगफर्ड सीमेला चिकटून आहे. समोर खाडीपलीकडे दिसतं ते काउंटी डाऊन, म्हणजे उत्तर आयर्लंड, म्हणजे युनायटेड किंग्डम. भारतीय पासपोर्ट आणि आयर्लंडचं राहण्याचं कार्ड एवढ्यावर तिकडे पाऊल टाकता येत नाही. त्यावरचा राहण्याच्या परवानगीचा प्रकार स्टँप 1 असो वा 4, ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. मुक्त संचार आयरिश आणि ब्रिटिश नागरिकांना आहे, इथल्या प्रत्येक रहिवाशाला नाही. ही गल्लत फार जण करतात, कारण सीमेवर ना चौकी ना फाटक. कळतं ते एवढ्यावरच, की वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरवरून मैलांवर येतात.

नकळत पलीकडे जायच्या वाटा लिहून ठेवा:

– एम-वन रस्त्यावर डंडॉक नॉर्थचं, 18 नंबरचं वळण चुकलं की गाडी सरळ पलीकडच्या न्यूरीच्या रस्त्याला लागते.
– फोनवरचा नकाशा गर्दीच्या वेळी न्यूरी-ओमीथमार्गे वाट सुचवू शकतो. आर-173 हा रस्ता धरूनच जायचं.
– बेलफास्टच्या एंटरप्राइझ गाडीत डंडॉकला डोळा लागला तर पुढचं मोठं स्टेशन न्यूरी.
– ग्रीनोरहून सुटणारी फेरीबोट पलीकडे ग्रीनकासलला लागते. आयरिश मित्रांना ती गंमत वाटते, त्यांच्यासाठी ती आहेच.
– टॅक्सी न्यूरीची मागवली तर चालक सवयीनं तिकडूनच नेईल.

परत येताना बसमध्ये, आगगाडीत गार्डा, म्हणजे आयरिश पोलीस, अधूनमधून कागद तपासतात. सापडलं तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं. एका रात्रीच्या मजेसाठी नोकरीतल्या माणसानं ही जोखीम का घ्यावी? माझं मत कॅरिकला.

लिफीकाठी

सीमेवरचा, यादी मोलाची आहे, पण यातून गाव बाद होत नाही. चौदा नावांपुढे पासपोर्ट आणि व्हिसा असा तक्ता करायचा. पुण्याहून येणाऱ्या दोघांच्या आयरिश व्हिसावर ब्रिटिश-आयरिश संयुक्त व्हिसा योजनेची नोंद मिळाली, तर ते दोघं खरं म्हणजे पलीकडेही जाऊ शकतात. अडतात ते इथे कार्डावर राहणारे मराठी. मग नियम एकच: आख्खा वीकेंड कुणीच सीमा ओलांडायची नाही. शेजारच्या ओमीथ गावापर्यंतची हरितवाट, म्हणजे पायी-सायकलची वाट, जुन्या रेल्वेमार्गावरची, साधारण सात किलोमीटर, ती अलीकडेच राहते. तिथूनच मागे फिरायचं. ओमीथ ते पलीकडचं वॉरनपॉइंट या पुलाचं काम 2024 मध्ये सुरू झालंय, तो खुला झाला की पलीकडे जाण्याची आणखी एक वाट होईल, तेवढं ध्यानात ठेवायचं.

वाहतुकीला चालकासकट सोळा आसनी बस, डब्लिनहून डब्लिनला. परवान्याचा प्रश्न तिथेच मिटला.

कूलीकर

गाव कोणतं यावर वाद चाललाय, गावकऱ्यांचं कुणी काढत नाही. कार्लिंगफर्डचे रस्ते मध्ययुगीन आखणीचे, दोन्ही बाजूंना दगडी भिंती. रात्री एकला तिथे साधं बोललं तरी वरच्या मजल्यावर ऐकू जातं. आणि त्या मजल्यावर लोक राहतात, लहान मुलं झोपलेली असतात. स्टॅगला गावात विरोध आहे तो दारूपायी नाही, पब सुटल्यावरच्या अर्ध्या तासापायी आहे.

शुक्रवार-शनिवारी साधा पब साडेबाराला विक्री थांबवतो, पुढे पेला संपवायला अर्धा तास. उशिराचा परवाना असेल तिथे अडीचपर्यंत. चौदा जण एकदम बाहेर पडू नका. चार-चारच्या तुकड्या, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं, आणि घराची किल्ली पहिल्या तुकडीकडे. किल्ली शेवटच्याकडे असली की सगळे दारात कोंडाळं करून थांबतात. तक्रार नेमकी तिथे होते.

पबला आधी फोन करा, खरा आकडा सांगा, वेश करून येणार का तेही सांगा. बऱ्याच ठिकाणी वेशभूषा आणि फुगवायच्या बाहुल्या चालत नाहीत. मे महिन्यातले शनिवार टाळा. मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे (चर्चमधला एक संस्कार) कार्यक्रम असतात, हॉटेलं कुटुंबांनी भरलेली, तुम्हाला टेबल मिळणार नाही आणि मिळू नयेच. जून आणि ऑगस्टच्या पहिल्या सोमवारला जोडून येणारे वीकेंडही महाग आणि गच्च.

इतकं पाळणार असाल तर या. नाहीतर शॅननवारींचं ऐका.

चूल आणि चमचा

घराबद्दल. जाहिरातीत ‘14 जणांची सोय’ लिहिलेलं असलं तरी पलंग मोजा, माणसं नव्हे. बहुतेकदा त्यात दोन सोफे आणि चार डबल बेड धरलेले असतात. आणि स्टॅग आहे हे बुकिंग करतानाच लिहून कळवा. ‘मित्रांचं स्नेहसंमेलन’ म्हणून घेतलेलं घर दारावर रद्द होऊ शकतं, मग शुक्रवारी रात्री चौदा जणांना दुसरी जागा मिळत नाही. एअरबीएनबीवर 2022 पासून पार्ट्यांना कायमची बंदी आहे, तेव्हा थेट गट घेणाऱ्या मालकाकडेच जा.

गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टँक असतो, तो घराच्या नेहमीच्या माणसांच्या हिशेबानं बांधलेला. आठ जणांच्या टाकीवर चौदा जण, त्यात ओले वाइप्स आणि सिंकमध्ये ओतलेलं तेल, की रविवारी सकाळी संडास तुंबतो आणि अनामत जाते. तेल डब्यात गोळा करून कचऱ्यात. अंघोळीला इलेक्ट्रिक शॉवर आहे का विचारा. टाकीचं गरम पाणी तिसऱ्या-चौथ्या माणसाला संपतं, इलेक्ट्रिक शॉवर लागेल तेव्हा तापवतो.

शुक्रवारच्या जेवणाला मिसळ किंवा पावभाजी करणार असाल तर फोडणीच्या धुरानं घरातले सगळे धूरसूचक एकदम वाजतात, ते एकमेकांना जोडलेले असतात. फोडणी डब्लिनहूनच करून न्या, तिथे फक्त उसळीत मिसळून उकळी आणायची. चौदा जणांना सव्वा ते दीड किलो कोरडी मटकी, मोड आणून. पाव चाळीस. शाकाहाऱ्यांसाठी बाहेरच्या जेवणाला आधी पदार्थ कळवा. चिप्स मासे तळलेल्याच तेलात तळल्या जातात का, हेही विचारून घ्या. गावात स्वयंपाकघर नऊच्या सुमारास बंद होतं, तेव्हा साडेसहाची वेळ योग्य आहे.

हिशेबनीस

पैशाचा गोंधळ दोनच ठिकाणी होतो. पहिला नवरदेवाचा वाटा. इथली रीत अशी की त्याच्याकडून घ्यायचं नाही. राहणं, बस, खेळ, एक जेवण मिळून 4,200 युरो धरले तर चौदांत 300 येतात, नवरदेव वगळून तेरांत 323. हा आकडा पहिल्याच निरोपात सांगा आणि निम्मे आगाऊ घ्या. आयत्या वेळी दोघं गळतात, घराचं भाडं मात्र तेवढंच राहतं.

दुसरा गोंधळ पबातला. आयरिश मित्र राउंडनं पितात: एकानं सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्यानं. चौदा जणांचा राउंड चालत नाही. बिअरचा मोठा पेला, म्हणजे पाइंट, सहा युरोला धरला तर एका खेपेला 84 युरो, आणि गिनेस ही काळी बिअर दोन टप्प्यांत ओततात. पाऊण पेला ओतून थांबायचं, फेस बसला की वर भरायचा. एका पेल्याला दोन मिनिटं. चौदावा येईपर्यंत पहिला संपलेला असतो. तीन-चार जणांचे गट करा. न पिणारे किंवा 0.0, म्हणजे बिनमद्याची बिअर, घेणारे एका गटात, नाहीतर ते दुसऱ्यांचं बिल भरत बसतात. एकत्र कोष तर मुळीच नको.

दुकानातून दारू आणायची तर रात्री दहानंतर विक्री बंद. किमान दराचा कायदा 2022 पासून आहे, तेव्हा फार स्वस्त काही शोधू नका. रिकाम्या कॅनवर 15 सेंट परत मिळतात, मात्र चेपलेला कॅन यंत्र घेत नाही. वेगळ्या पिशवीत अख्खे ठेवा.

आजोळ

एवढा खटाटोप कशासाठी? डब्लिनात एखाद्याच्या घरी नवरदेवाचं केळवण करा, आयरिश मित्रांनाही बोलवा.

लिफीकाठी

आजोळ, केळवण घरच्यांचं, ते होईलच. आयरिश सहकाऱ्यांच्या लेखी स्टॅग म्हणजे नवरदेवाला आपल्यात घेणं आहे, ते त्यांच्या पद्धतीनं व्हायला हवं.

शॅननवारी

बस चालकासकट घेतलीत तर माझा निम्मा आक्षेप जातो. उरलेला निम्मा पबांचा. शनिवारी सातच्या आत दोन पबांशी बोलून सात-सात जणांची व्यवस्था करा, एका ठिकाणी चौदा नकोत.

आणि कुणी ‘मी माझी गाडी घेऊन येतो’ म्हणेल, त्याला आत्ताच सांगा. रक्तातल्या मद्याची मर्यादा 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम, परवाना नवा किंवा शिकाऊ असेल तर 20. शरीर तासाला साधारण एक प्रमाण पेय (मद्य मोजायचं ठरलेलं एकक) निचरतं, पाइंटमध्ये अशी दोन असतात. संध्याकाळी सातपासून आठ पाइंट घेतले तर रविवारी अकरापर्यंत तो गाडी चालवण्याच्या लायकीचा नाही, आणि घर सोडायची वेळही बहुधा अकराचीच असते. पन्नासच्या थोडं वर गेलं तरी 200 युरो दंड आणि तीन महिने परवाना गेला.

कूलीकर

रविवारी स्लीव्ह फॉय ठरवू नका. वर ढग उतरला की वाट दिसत नाही, आणि अर्धवट झोपेतल्या चौदा जणांना मोजत उतरवणं सोपं नाही. चढायचाच असेल तर पाण्याचा खेळ सोडून शनिवारी सकाळी, जाऊन-येऊन साडेतीन तास धरून. नाहीतर रविवारी ओमीथची हरितवाट पुरे. बस बाराला धक्क्याजवळ बोलवा, गावाच्या आतल्या गल्ल्यांत ती वळत नाही.