आयसीयूची ड्युटी सांभाळून तत्त्वज्ञानात एम.ए. जमेल का?

परळची_सिस्टर
नमस्कार. परळच्या एका रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे, बी.एस्सी. नर्सिंग. मध्यंतरी व्हेंटिलेटरवरच्या एका आजोबांच्या मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "सिस्टर, नळी काढा म्हटलं तर पाप लागेल का हो?" तोवर डॉक्टरांनी डामाचा, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला घरी नेण्याचा, कागद पुढे केला, त्याने सही केली, विषय संपला. माझ्या डोक्यातून काही जात नाही. कलिनाला, मुंबई विद्यापीठात, तत्त्वज्ञानात एम.ए. करावं म्हणते, उपयोजित नीतिशास्त्रासाठी. नवरा म्हणतो, त्यापेक्षा एम.एस्सी. नर्सिंग कर, बढती तरी मिळेल. नाइट करून जमतं का? पुढे काम मिळतं का?

विमावाला
ताई, मी कलिनातूनच केलंय, विम्यातली नोकरी सांभाळून. त्या मुलाला द्यायचं उत्तर मिळेल म्हणून जाणार असाल तर पहिल्याच सत्रात वैतागाल. प्लेटो, न्यायदर्शन, शांकरवेदान्त, तर्कशास्त्र असं बरंच काही वाचावं लागतं. उपयोजित नीतिशास्त्र त्यातला एक तुकडा. तरी जाच. मारणं वेगळं आणि मरू देणं वेगळं, असं आपण सगळे धरून चालतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जेम्स रेचल्स यांनी १९७५ सालीच विचारलं होतं, हेतू आणि परिणाम तेच असतील तर हा फरक उरतो कुठे? आणि अरुणा शानबाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याच फरकावर निकाल उभा केला. तुमच्या परळचंच प्रकरण: केईएम रुग्णालयातली परिचारिका, हल्ल्यानंतर कित्येक वर्षं तिथेच अचेतन पडून होती. तिच्या वतीने बोलायचा हक्क न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, त्यात परिचारिका आल्याच. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचताना माझी झोप उडाली होती.

कामाचं म्हणाल तर पगाराची खुर्ची विसरा. नेट देऊन प्राध्यापकी, तीही जागा निघाली तर. मात्र औषधचाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे नैतिक समितीवर किमान सात जण लागतात. त्यात वकील, सामान्य नागरिक आणि समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी किंवा तत्त्वज्ञ अशांपैकी एक असावा लागतो. मी अशाच एका समितीवर आहे. मागे एका चाचणीत रुग्णाने दर पंधरा दिवसांनी यायचं होतं. संमतीपत्रात त्याचं गाडीभाडं होतं. चिपळूणहून सोबत येणाऱ्या मुलाचं नव्हतं, दोघांचा बुडालेला रोजही नव्हता. मी विचारलं तर संशोधक म्हणाले, "याचा नीतीशी काय संबंध?" मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग वकीलबाईंनी ते कलम परत लिहायला लावलं.

कोर्टाची_पायरी
एम.ए. कराल तेव्हा कराल, पण डामा हा त्या मुलासाठी एकच रस्ता नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर उपचार थांबवण्याची कायदेशीर पद्धत आहे, त्यासाठी रुग्णालयात दोन वैद्यकीय मंडळं बसतात. २०२३ मध्ये ती सोपीही झाली. आगाऊ इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेल्या कागदाला, आता नोटरी चालतो. बऱ्याच वॉर्डांत हे कुणाला ठाऊकच नसतं. कागद पुढे सरकवणं सोपं पडतं.

कुर्ला_पश्चिम
परळहून स्लो पकडा, कुर्ल्याला उतरा, पश्चिमेकडून बस किंवा शेअर रिक्षा. नाइट उतरून थेट लेक्चरला जायच्या फंदात पडू नका, कांट डोळ्यांपुढे नाचतो. हजेरीचं मात्र विभागात जाऊन समोरासमोर विचारा.

परळची_सिस्टर
दोन मंडळांचं मला खरंच माहीत नव्हतं, उद्या इन्चार्ज सिस्टरना विचारते. विमावालादादा, समितीवर परिचारिका आहे का कुणी? रोजाचं आणि सोबत्याचं आम्ही पहिल्या फटक्यात सांगितलं असतं.

विमावाला
आमच्याकडे नाही. अर्ज करा.